कारखान्याची गाडी : दिसायला सारख्या, कामाला निराळ्या



वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उसाच्या भावावर बोलतो, साखर उताऱ्यावर बोलतो, तोडणी-वाहतुकीवर तर तासन् तास बोलतो. ताळेबंदात 'वाहने' म्हणून एक ओळ असते, तिच्यावर मात्र सहसा चर्चा होत नाही. झालीच तर मागच्या रांगेतून एखादा टोमणा येतो, "साहेबाला नवी गाडी, आन् आमच्या फडाला टोळी नाही!" सभा हसते आणि पुढचा विषय सुरू होतो. टोमणा मारून सभासदाचे पैसे वाचत नाहीत आणि गप्प बसूनही वाचत नाहीत. गाडी पारखून घेतली तरच वाचतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

पहिल्यांदा आकडा समजून घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवून दिली. या हिशेबाने १२ लाखांची एक गाडी म्हणजे ३३८ टन उसाची किंमत. एकरी ४० टन धरले तर साधारण साडेआठ एकरांचा अख्खा फड. त्या फडाच्या मालकाने वर्ष-दीड वर्ष पाणी दिले, खत टाकले, रात्रीच्या लाइटला मोटार चालू केली, हे सगळे त्या एका गाडीत आले. एवढा पैसा घालायचा तर कोणती गाडी, कशासाठी, हे विचारणे सभासदाचा हक्क आहे आणि नीट उत्तर देणे संचालक मंडळाचे काम आहे.

गाडी लागते कशाला?

कारखान्याच्या गाडीची कामे दोन प्रकारची. एक म्हणजे फडावरचे काम. शेतकी अधिकाऱ्याने ऊस नोंदीची पाहणी करायची, तोडणी कार्यक्रम बघायचा, टोळ्यांची तक्रार मिटवायची. जळीत उसाचा निरोप रात्री अकराला आला तरी निघायचे. कोणा सभासदाकडे बेणे पोचवायचे, कुठे मातीचे नमुने आणायचे. आपल्या भागात ही फिरती जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांत असते. डांबरी रस्ता संपला की पुढे पाटचारीच्या कडेने, उसातल्या वाटेने जावे लागते.

दुसरे काम लांबच्या प्रवासाचे. पुण्याला साखर संकुल, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मुंबईला मंत्रालय, छत्रपती संभाजीनगरला सहसंचालकांचे कार्यालय. इथे रस्ता चांगला, वेग जास्त आणि माणसे चार-पाच, सोबत फायलींचे गठ्ठे.

ही दोन कामे इतकी निराळी आहेत, की एका गाडीकडून दोन्ही करून घ्यायची म्हटली तर कुठल्या तरी एका कामाची ओढाताण होणारच. निवडीतली पहिली चूक इथेच होते.

लांब पाठीची गाडी

मोटारीचे टप मागपर्यंत सरळ नेऊन तिथे उभे दार बसवले, की सामानाला आणि माणसांना एकच मोठी जागा मिळते. इंग्रज लोक अशा गाडीला 'एस्टेट' म्हणत, कारण ती शेतीवाडीच्या, इस्टेटीच्या कामाची. पुढे कुटुंब बसते, मागे सामान. कल्पना मुळात शेतकऱ्याच्या सोयीची आहे.

आपल्याकडे मोटार आणि साखर यांचे नातेही जुने. नाशिक जिल्ह्यातले रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातले वालचंदनगर इथे साखर काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिची फियाट, पुढे 'पद्मिनी', आपण सर्वांनी पाहिली आहे. अ‍ॅम्बॅसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये बंद झाली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कारखान्याची गाडी म्हटली की चेअरमनसाहेबांना अ‍ॅम्बॅसेडर आणि शेतकी खात्याला जीप, अशी वाटणी जुन्या सभासदांच्या डोळ्यांसमोर येते. ती वाटणी काही वाईट नव्हती. कामाप्रमाणे गाडी होती.

टेल्कोने १९९२ मध्ये पुण्याहून 'इस्टेट' याच नावाची डिझेल गाडी आणली. ती फारशी चालली नाही. १९९४ मध्ये त्याच कंपनीची सुमो आली आणि खेडोपाडी पोचली. सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिला ते नाव दिले होते. २०१९ मध्ये तीही बंद झाली. दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. पण सुमोत दहा माणसे बसत, म्हणून तिने इस्टेटीला मागे टाकले. आपल्याकडे लांब पाठीची गाडी म्हणजे तीन रांगांची गाडी, हे तेव्हापासून ठरून गेले.

आजच्या गाड्या

आज सात माणसांच्या गाड्या बघायला गेलात तर चार-पाच नावे पुढे येतात आणि शोरूममध्ये त्या सगळ्या बहिणी-बहिणी वाटतात. त्यांचे मुळात दोन वाण आहेत.

एका वाणात महिंद्राची बोलेरो (२०००) आणि बोलेरो निओ (२०२१). यांना खाली ट्रकसारखी स्वतंत्र चासी असते, ओढ मागच्या चाकांना. दोघींचे डिझेल इंजिन १,४९३ सीसीचे. बोलेरोची ताकद ७६ अश्वशक्तीच्या आसपास, निओची सुमारे १००.

दुसऱ्या वाणात मारुतीची एर्टिगा (२०१२, दुसरी पिढी २०१८) आणि कियाची कॅरेन्स (२०२२). यांचा सांगाडा आणि बॉडी एकच असते, ओढ पुढच्या चाकांना. एर्टिगात १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन, शिवाय सीएनजीचा प्रकार. तिचे डिझेल २०२० मध्ये बंद झाले. कॅरेन्समध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही.

आता गंमत बघा. टोयोटाने २०२३ मध्ये 'रुमियन' आणली, ती म्हणजे एर्टिगाच; मारुतीच ती टोयोटाला बनवून देते. २०१९ ची एक्सएल ६ हीसुद्धा त्याच सांगाड्याची, फक्त सहा आसनांची. तेव्हा 'एर्टिगा बरी की रुमियन बरी' असा वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे तीनच गोष्टी बघायच्या : हातात पडणारी किंमत, हमीची कलमे आणि वर्कशॉप आपल्यापासून किती मैलांवर आहे. खरी निवड दोन वाणांमध्ये आहे.

कराची गोम

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. त्याबाहेरच्या गाडीला ४० टक्के. बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटरने आत. एर्टिगा ४,४३५ आणि कॅरेन्स ४,५४० मिलिमीटर. त्यामुळे पहिला वाण १८ टक्क्यांत बसतो, दुसरा ४० टक्क्यांत जातो.

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊ, दोन्हींची करापूर्वीची किंमत ८ लाख. एक ९ लाख ४४ हजारांना पडेल, दुसरी ११ लाख २० हजारांना. फरक १ लाख ७६ हजारांचा, म्हणजे जवळजवळ ५० टन ऊस. आणि कोणी म्हणेल, "कारखान्याला जीएसटीची वजावट मिळते ना?" तर प्रवासी मोटारीवर ती मिळत नाही. ड्रायव्हरसह १३ आसनांपर्यंतच्या गाडीवरचा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे वजा होत नाही. भाड्याने प्रवासी नेणे, गाड्यांची विक्री, ड्रायव्हिंग शिकवणे अशा धंद्यांनाच ती सवलत आहे. हा सगळा भार कारखान्याच्या, म्हणजे आपल्याच खिशावर पडतो.

दुसरी गोम वाहन कराची. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर गाडी घेणाऱ्याचा एकरकमी कर निराळा आणि कंपनीच्या नावावरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला सरसकट २० टक्के. म्हणून दरपत्रक मागवताना ते कारखान्याच्या नावानेच, एमएच-२१ च्या नोंदणीसह, रस्त्यावर येईपर्यंतच्या सगळ्या खर्चाचे मागवावे. शेजारच्या कोणी मागच्या महिन्यात अमुक किमतीत गाडी आणली, या ऐकीव आकड्यावर ठराव करू नये.

तेलाचा हिशेब

वर्षाला ३० हजार किलोमीटर फिरती धरू. गणितासाठी डिझेल ९२ रुपये, पेट्रोल १०५ रुपये, सीएनजी ९२ रुपये किलो. सरासरीही कंपनीच्या जाहिरातीतली न घेता हात राखून धरू. ठराव करतेवेळी त्या दिवसाचे भाव घालून हे पुन्हा मांडावे.

बोलेरो, लिटरला १३ किलोमीटर : वर्षाला सुमारे २ लाख १२ हजार.
एर्टिगा पेट्रोल, १५ किलोमीटर : २ लाख १० हजार.
कॅरेन्स डिझेल, १६ किलोमीटर : १ लाख ७२ हजार ५००.
एर्टिगा सीएनजी, किलोला २० किलोमीटर : १ लाख ३८ हजार.

सीएनजीचा आकडा बघून कोणाचेही मन पाघळेल. पण एका भरणीत नऊ किलो गॅस धरला तर गाडी १८० किलोमीटर चालते. म्हणजे वर्षात १६७ वेळा पंपावर जावे लागणार. पंप वाटेवर नसला आणि प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन ३० किलोमीटरचा वळसा पडला, तर ५ हजार किलोमीटर नुसते गॅस भरण्यापायी. त्याचे २३ हजार रुपये झाले, रांगेतला वेळ वेगळाच. शिवाय टाकी डिकीत बसते, म्हणजे ज्या जागेसाठी लांब पाठीची गाडी घेतली तीच जागा गेली. पंप वाटेवर असेल त्याने सीएनजीचा जरूर विचार करावा. गोदाकाठच्या गट ऑफिसला ती गाडी परवडणार नाही.

पेट्रोल गाडीची एक जमेची बाजू आपण विसरू नये. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. वरच्या हिशेबातल्या २ हजार लिटर पेट्रोलमध्ये ४०० लिटर इथेनॉल आले. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे ही गाडी वर्षाला जवळजवळ सहा टन ऊस 'पिते'. इथेनॉलात पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, त्यामुळे सरासरी थोडी उतरते, हे खरे. पण गिऱ्हाईक आपल्याच मालाचे आहे.

डिझेलवाल्यांनाही एक सूचना. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी वेगात चालली की काजळी आतल्या आत जळून जाते. आपली फिरती मात्र पाच-पाच किलोमीटरची, पहिल्या-दुसऱ्या गिअरची, इंजिन चालू ठेवून बांधावर बोलत बसण्याची. अशाने गाळणी तुंबते, आणि बदलायची वेळ आली तर बिल बघून घाम फुटतो. ड्रायव्हरने आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास एका चालीने मोठ्या रस्त्याला पळवावी. हा उपाय फुकटातला आहे.

काळी माती कोणाला सोडत नाही

२०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठ पाण्याखाली गेला, ते आपण विसरलेलो नाही. आपली काळी माती भिजली की लोण्यासारखी होते. अशा ठिकाणी पुढच्या चाकांची गाडी रिकामी असेल तोवर बरी चालते. मागे चार माणसे आणि बेण्याच्या मोळ्या टाकून चढण लागली, की वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि जागेवर फिरतात. मागच्या चाकांच्या गाडीला तेच वजन पकड देते. बोलेरोला मागे पाटे आहेत; रिकामी गाडी आदळते, पण भरली की बसत नाही. जमिनीपासूनची उंची कागदावर एका आकड्यात दिसेल. तो आकडा बघून भुलू नये. सात माणसे बसवून टेपने मोजावी, मग गाडी किती खाली आली ते कळते.

चिखल टाळून साहेबांची गाडी डांबरीवर थांबली, तर तोटा कोणाचा? एखादा म्हातारा सभासद सांगतो, "साहेब आले व्हते, पण सडकेवरच थांबले. म्हणले, आबा, तुम्हीच या इकडं." सडकेवरून उसाची पक्वता दिसत नाही, हुमणी दिसत नाही आणि तोडीची खरी अडचणही समजत नाही. ऊस पंधरा दिवस उशिरा तुटला तर त्या सभासदाचे वजन घटते. फडाची गाडी फडापर्यंत पोचली पाहिजे, ही पहिली अट.

जिवाची गोष्ट

मजबूत दिसते ती गाडी सुरक्षित, असा आपला समज. ग्लोबल एन्कॅप ही संस्था गाड्या आदळून तपासते. २०२४ च्या तिच्या चाचण्यांत बोलेरो निओला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एक तारा मिळाला. भारतात बनून आफ्रिकेत जाणाऱ्या एर्टिगालाही एकच. कॅरेन्सला तीन. कॅरेन्समध्ये सुरुवातीपासून सहा एअरबॅग आहेत. एर्टिगाला त्या २०२५ मध्ये सरसकट मिळाल्या, म्हणजे त्या चाचणीनंतर.

बोलेरो आणि निओत मागची माणसे समोरासमोर आडवी बसतात. गावातल्या गावात ठीक. पण समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तिथे आडव्या बाकावर माणसे बसवून नेणे हा जिवाशी खेळ आहे. लांबच्या प्रवासाला ही गाडी काढूच नये, काढलीच तर मागचा बाक रिकामा ठेवावा. आणि पट्टा मागच्यांनीही लावावा. साहेब असो की शिपाई.

आणखी एक परीक्षा आम्ही सुचवतो, ती कुठल्या पुस्तकात नाही. मागची आसने पाडून एक माणूस सरळ झोपू शकतो का, ते बघा. हंगामात फडात कोयता लागतो, साप चावतो, एखाद्या बाईला कळा सुरू होतात. १०८ ची गाडी बोलवावीच. पण ती येईपर्यंत हाताशी असते ती शेतकी खात्याची गाडी. ऊसतोड मजुराच्या जिवाला त्या सहा फूट जागेचा आधार आहे.

लांबचा प्रवास : विकत की भाड्याने?

आता चेअरमनसाहेब आणि कार्यकारी संचालकांच्या लांबच्या गाडीचा हिशेब. गाडी हातात पडेपर्यंत १३ लाख ४० हजार धरू. सात वर्षांनी ४ लाखांना विकली, तर वर्षाला १ लाख ३४ हजारांची घट. विमा आणि दुरुस्ती ८० हजार. ड्रायव्हर २ लाख ४० हजार. एकूण ४ लाख ५४ हजार, आणि हे एक किलोमीटर न चालता. पुढे किलोमीटरला पावणेसहा रुपये डिझेल. भाड्याची गाडी ड्रायव्हर-तेलासह किलोमीटरला १४ रुपयांनी मिळते असे धरले, तर वर्षाला ५५ हजार किलोमीटर झाल्याशिवाय विकतची गाडी परवडत नाही. ड्रायव्हर आधीच कारखान्याच्या पगारावर असेल, तर हा आकडा २६ हजारांवर येतो.

महिन्याला पुण्या-मुंबईच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी जाऊन-येऊन ६०० किलोमीटर धरल्या तर वर्षाचे २१ हजार ६०० होतात. म्हणजे दोन्ही हिशेबांनी भाडे स्वस्त. मान मोठा दिसावा म्हणून दारात गाडी उभी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. पण तो खर्च 'मान' म्हणून लिहावा, 'वाहतूक' म्हणून नव्हे.

मग करावे काय?

आमचे मत असे. फडासाठी चासीवाली, मागच्या चाकांची, १८ टक्के करातली गाडी घ्यावी. तेलाला ती एर्टिगा पेट्रोलच्या जवळपास बरोबरीची पडते, हे वर दिसलेच. लांबच्या प्रवासाला गाडी भाड्याने घ्यावी, तीही सहा एअरबॅगांची. किलोमीटर खरोखरच जास्त होत असतील तरच दुसऱ्या वाणातली गाडी विकत घ्यावी, आणि तेव्हा तिचे तारे आधी मोजावेत, पडदे-स्क्रीन नंतर.

गाडी ठरवण्याआधी ती शोरूमसमोर फिरवू नये. शेतकी अधिकारी, एक ड्रायव्हर, गॅरेजचा एक मिस्त्री आणि एक सभासद, अशा चौघांनी ती पाटचारीच्या वाटेने न्यावी, भरलेली न्यावी. ड्रायव्हरला विचारल्याशिवाय गाडी घेणे म्हणजे बैलाला न विचारता जू बनवणे. तिन्ही दरपत्रके आणि वरच्यासारखा सात वर्षांचा हिशेब ठरावाला जोडावा.

गाडी आल्यावर लॉगबुक रोजच्या रोज लिहावे : निघाली कुठून, गेली कुठे, काम काय, मीटर किती. कारखान्याची गाडी लग्नाला आणि देवदर्शनाला गेली, तर किलोमीटरप्रमाणे पैसे भरून जावी. मग कोणाला बोलायला जागा राहत नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ताळेबंद आणि सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. तो वापरावा आणि सप्टेंबरच्या सभेत तीन प्रश्न सरळ विचारावेत : गाड्या किती, किलोमीटर किती, त्यातले फडावरचे किती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर त्या गाडीसाठी गेलेला ३३८ टन ऊस आपल्याच कामी आला, असे समजायला हरकत नाही.